उरलेल्या जागेत काहीही

तांबट आळीत, भांड्यांच्या दुकानावर, लाकडी जिन्याने वर
दादांचं 'मधुर रेकॉर्डिंग' होतं.
खाली दिवसभर ठोके.
वर दोन डेक, एक रेडिओ, आणि मी,
अक्षर बरं म्हणून कार्डावर गाण्यांची नावं लिहायला.

लोक चिठ्ठ्या आणायचे.
बसच्या तिकिटामागे, पत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर,
पिंपळगावच्या एकाने तर द्राक्षपेटीच्या पुठ्ठ्यावर.
आणि शेवटी जवळजवळ सगळेच लिहायचे:
उरलेल्या जागेत काहीही.

नोट प्रेसमधले गांगुर्डे साठच्या कॅसेटवर
एकच गाणं दोन्ही बाजूंनी भरून न्यायचे.
दादांनी कधी विचारलं नाही. मी विचारलं.
'दिवसभर दुसऱ्याचे पैसे मोजतो, पोरी.
घरी एवढं एकच माझं, तेच मोजतो.'

देवळालीच्या सुभेदारांना फक्त सुरुवातीची सतार हवी असायची.
बाई गायला लागायच्या आत बंद करा म्हणायचे.
पुढचं त्यांना दुसऱ्या कुणाच्या आवाजात पाठ होतं.

आणि सिव्हिलच्या पगारे सिस्टर.
त्यांच्या चिठ्ठीवर गाण्याचं नाव नव्हतं, दोनच ओळी होत्या.
रात्रपाळीत एक बाळंतीण बाळाला म्हणायची,
तेवढ्याच दोन, पहाटेपर्यंत.
तिसऱ्या दिवशी ती घरी गेली
उरलेल्या ओळी घेऊन.

रेकॉर्ड कुठे मिळेना. सिस्टरांनी आकाशवाणीला
अकरा पोस्टकार्डं टाकली.
बाराव्या आठवड्यात उत्तर आलं: गुरुवार, दुपारी पावणेदोन.

नेमकी त्याच दिवशी वायर तुटलेली.
रेडिओपुढे माइक धरायचा, दुसरा इलाज नाही.
दादा खाली गेले. आयुष्यात कुणापुढे हात न जोडलेला माणूस
दुकान दुकान हात जोडत फिरला: चार मिनिटं, फक्त चार.
तेरा हातोडे थांबले.
आळी इतकी गप्प झाली की कबुतरं घाबरून उडाली.

गाणं सुरू झालं, आणि खालून
ठण्.
ठण्.

त्र्यंबकआप्पा. चाळीस वर्षांच्या ठोक्यांनी
कान केव्हाच गेलेले, पाठ रस्त्याकडे,
आणि हंडा नेमका गळ्याशी आलेला.
अशा वेळी माणसाला हात लावायचा नसतो,
हे आळीतल्या कुत्र्यालाही ठाऊक.
दादांनी कपाळावर हात मारला. टेप फिरत राहिली.

कार्डावर गायिकेचं नाव लिहिलं.
'साथ' पुढे जागा होती,
तिथे मी लिहिलं: त्र्यंबक तांबट, हंडा.
दादांनी पैसे घेतले नाहीत.

परवा जावयाने ते गाणं मोबाइलवर पाठवलं.
स्वच्छ. खरखर नाही, काही नाही.
दुसऱ्या कडव्यात मी थांबले,
बोट आपोआप ओट्यावर आपटलं, लागलं.
आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात,
आळीत हातोडे किती राहिले ते मोजायला
मी मुद्दाम जात नाही.

पण सांगायचं होतं ते वेगळंच.
आठवड्याने सिस्टर जिना चढून आल्या.
आम्हाला वाटलं, तक्रार.
त्यांनी विचारलं, 'तो ठोका कुणाचा?'
मी खाली घेऊन गेले.
त्या आप्पांपुढे चपला काढून उभ्या राहिल्या, देवळात राहावं तशा,
आणि बराच वेळ काहीतरी बोलल्या.
मुली होत्या की मुलगे, का कुणीच नव्हतं,
ती बाळंतीण कुठल्या गावची, मला रस्त्याच्या आवाजात ऐकू आलं नाही.

आप्पांनाही नाही.
त्यांनी शेजारचा तांब्या उचलला, बुडाला टिचकी मारली,
आणि म्हणाले, 'एकशे दहा. घासाघीस नाही.'

सिस्टरांनी पर्स उघडली.